जुनी पोर्ट, जुनी मदेइरा: वाट पाहण्याचे पैसे कोण भरतं?

पोर्तुगालमधल्या पोर्तू शहरासमोर, दोरू नदीच्या पलीकडच्या काठावर व्हिला नोव्हा द गाया आहे. नदीपासून वर चढत गेलेल्या उतारावर पोर्ट या गोड, कडक वाइनची कौलारू गोदामं आणि त्यांच्यावर मोठ्या अक्षरांत टेलर, ग्रॅहम, सँडमन, फेरेरा अशी ती करणाऱ्या घराण्यांची नावं. यातल्या कुठल्याही गोदामाच्या दुकानात शिरलं की किमती पाहून गोंधळायला होतं. एक पोर्ट 15 ते 20 युरोंना मिळते. शेजारी 'व्हिंटेज' म्हणून साल छापलेली नवीकोरी बाटली 100 युरोंच्या आसपास. त्याच फळीवर '40 वर्षं' असं लिहिलेली फिकट तपकिरी पोर्ट असते, ती बहुधा त्याहूनही महाग. आणि बातम्यांत वाचलेली एक वेगळीच: 2018 साली हाँगकाँगच्या लिलावात नीपोर्त घराण्याची 1863 ची पोर्ट, लालिक या फ्रेंच काचकारखान्याच्या स्फटिकाच्या सुरईत भरलेली, सव्वा लाख डॉलरांच्या वर गेली.

खोरं एकच, द्राक्षाच्या जाती बऱ्याचशा त्याच, करण्याची रीतही मूळची एकच. मग एवढा फरक कशाचा? द्राक्षांचा दर्जा, मळ्याचं नाव, घराण्याचा लौकिक हे सगळं आहेच. पण बराचसा गोंधळ एका प्रश्नाने सुटतो: ही वाइन मुरेपर्यंत वाट कोणी पाहिली आणि त्या वाट पाहण्याचा खर्च कोणाच्या खात्यावर पडला?

पुढे जाण्याआधी गोव्याबद्दल एक. गोव्याहून येताना काही शे रुपयांची 'पोर्ट वाइन' आणलेली मंडळी आपल्याकडे पुष्कळ आहेत. ती गोड असते, लाल असते, थंड करून प्यायला मजा येते, आणि तिच्या नावामागे पोर्तुगीजांच्या साडेचारशे वर्षांची सावली आहे हेही खरं. पण या लेखातल्या पोर्टशी तिचं नातं नावापुरतंच. युरोपच्या कायद्यानुसार दोरूच्या ठरवून दिलेल्या खोऱ्यातल्या द्राक्षांचीच वाइन 'पोर्ट' म्हणून विकता येते. ही हद्द आजची नाही, पोर्तुगालचा मंत्री मार्किस द पोंबाल याने ती 1756 साली आखून घेतली आणि हद्दीवर दगडी खांब रोवले. त्यातले काही खांब अजून उभे आहेत.

आंबणं मध्येच थांबवायचं

द्राक्षाच्या रसात साखर असते. यीस्ट ती साखर खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. नाशिककडच्या एखाद्या वायनरीत फेरफटका मारला असेल तर एवढं ऐकलेलं असतंच. साखर संपेपर्यंत हे चालू दिलं की कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, 12 ते 14 टक्के अल्कोहोलची वाइन तयार होते.

पोर्ट करताना हे काम अर्ध्यावर तोडतात. दोन-तीन दिवसांत निम्मी साखर खाऊन झाली की आंबणाऱ्या रसात द्राक्षापासूनच गाळलेलं 77 टक्क्यांचं स्पिरिट ओततात. प्रमाण ढोबळमानाने चार भाग रस आणि एक भाग स्पिरिट. अल्कोहोल एकदम 19-20 टक्क्यांवर गेलं की यीस्टचा कारभार आटोपतो. उरलेली साखर तशीच राहते, लिटरमागे साधारण 100 ग्रॅम. म्हणून पोर्ट गोडही असते आणि कडकही. असं वरून स्पिरिट घालून भक्कम केलेल्या वाइनला फोर्टिफाइड वाइन म्हणतात. पोर्ट, त्याच नावाच्या बेटावरची मदेइरा, स्पेनची शेरी, सिसिलीची मार्साला, दक्षिण फ्रान्समधल्या मोरी आणि बान्यूल्स, ही सगळी त्याच गोतावळ्यातली.

यात एक अडचण आहे. दोन-तीन दिवसांत सालीतला रंग आणि तुरटपणा पूर्ण उतरत नाही, आणि पुढची पन्नास वर्षं टिकायचं तर तोच लागतो. म्हणून द्राक्षं जोरात मळावी लागतात. ग्रॅनाइटच्या गुडघाभर खोल हौदात माणसं खांद्याला खांदा लावून तासन् तास द्राक्षं तुडवतात. आता पायांची नक्कल करणारी यंत्रंही आली आहेत. तरी उत्तम पोर्टसाठी काही घराणी अजून माणसांचे पायच पसंत करतात. पायाने बी फुटत नाही, त्यामुळे बीमधला कडवटपणा उतरत नाही.

ही रीत कोणा एकाच्या डोक्यातून निघालेली नाही. 1703 च्या मेथ्युएन तहानंतर इंग्लंडमध्ये पोर्तुगीज वाइनवर फ्रेंच वाइनपेक्षा एक तृतीयांश कमी जकात लागू झाली. फ्रान्सशी इंग्रजांची लढाई चालूच होती, त्यामुळे मागणी दोरूकडे वळली. समुद्रप्रवासात वाइन बिघडू नये म्हणून तीत थोडं स्पिरिट घालत. हळूहळू ते जास्त आणि लवकर घालायला लागले. गोड, कडक वाइन इंग्रजांच्या जिभेला आवडली आणि एकोणिसाव्या शतकात तीच चाल रूढ झाली. जोसेफ जेम्स फॉरेस्टर या पोर्तूतल्या इंग्रज व्यापाऱ्याने मात्र याविरुद्ध मोहीमच उघडली. त्याने दोरूच्या खोऱ्याचे सुरेख नकाशे काढले होते आणि स्पिरिट घालणं म्हणजे चांगल्या वाइनची वाट लावणं, असं तो जाहीरपणे म्हणत असे. 1861 साली त्याच नदीत, व्हालेइरा इथल्या खळाळत्या प्रवाहात नाव उलटून तो बुडाला. कमरेच्या पट्ट्यातल्या सोन्याने त्याला खाली ओढलं, अशी दंतकथा आहे. नावेत दोना आंतोनिया फेरेरा ही पोर्ट-व्यवसायातली मोठी मालकीणही होती. ती तिच्या घेरदार झग्यामुळे तरंगली, असं सांगतात. फॉरेस्टर हरला हे बरंच झालं, असं माझं मत. नाहीतर दोरूची आणखी एक लाल वाइन एवढंच झालं असतं.

व्हिंटेज: घेणाऱ्याने वाट पाहायची

बहुतेक पोर्ट वेगवेगळ्या सालांची मिसळ असते. व्हिंटेज पोर्ट मात्र एकाच सालाच्या सुगीची, आणि तीही घराण्याला ते साल खरोखर थोर वाटलं तरच. कोकणातला बागायतदार एखाद्या वर्षीच्या हापूसबद्दल छाती फुगवून बोलतो, तसं हे घराणं त्या सालाची 'घोषणा' करतं. दशकात सरासरी तीनदा असं होतं. 1945, 1963, 1977, 1994, 2011 ही गाजलेली सालं. 2016 आणि 2017 या लागोपाठच्या दोन सालांना बहुतेक मोठ्या घराण्यांनी घोषणा केली तेव्हा जाणकारांच्या भुवया उंचावल्या होत्या, इतकं ते विरळ आहे. एकूण पोर्टमध्ये व्हिंटेजचा वाटा शंभरात दोनेक.

घोषणा ही निव्वळ चवीची गोष्ट असते असं नाही. 1931 हे साल उत्तम होतं. पण जगभर मंदी होती, आणि 1927 चा माल गोदामांत पडून होता. बहुतेक घराणी गप्प बसली. किंता दू नोव्हाल या मळ्याने घोषणा केली आणि त्यावर आजवर नाव कमावलं. त्याच मळ्यात 'नासिओनाल' नावाचा दोन-अडीच हेक्टरांचा तुकडा आहे. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्झेरा या मुळं खाणाऱ्या किडीने युरोपभरचे मळे झोपवले, तेव्हापासून युरोपी वेल अमेरिकी मुळांवर कलम करून लावतात. नासिओनालचे वेल मात्र स्वतःच्या मुळांवर उभे आहेत. त्याची वाइन फक्त काही शे खोकी होते, तीही दर वर्षी नाही. 1931 ची नासिओनाल ही विसाव्या शतकातल्या सर्वांत महाग बाटल्यांपैकी एक. या एका बाटलीच्या बाबतीत भाव टंचाईने ठरतो हे उघड आहे.

पण साध्या व्हिंटेज पोर्टची खरी गंमत पुढे आहे. ती पिंपात जेमतेम दोन वर्षं राहते आणि नियमाप्रमाणे सुगीनंतरच्या दुसऱ्या ते तिसऱ्या वर्षात बाटलीत भरावीच लागते. त्या वेळी ती शाईसारखी काळी, तुरट, दांडगी असते. घराणं ती विकून मोकळं होतं. मुरण्याचं सगळं काम घेणाऱ्याच्या तळघरात, बंद बाटलीत, आडवं पडून, 20 ते 50 वर्षं चालतं. आत हवा जवळजवळ नाहीच. तुरटपणाचे कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि गाळ होऊन खाली बसतात, रंग विटकरी होतो, आणि फळाचा नुसता मारा जाऊन अंजीर, सुकलेलं गुलाब, चामडं, चॉकलेट असे वास येऊ लागतात. म्हणून अशी बाटली उघडण्याआधी दिवसभर उभी ठेवतात, मग गाळ न हलवता दुसऱ्या भांड्यात अलगद ओततात. फार जुन्या बाटलीचं बूच भुसभुशीत झालेलं असतं. तेव्हा चिमटा लाल तापवून बाटलीच्या मानेला लावतात, मग वर ओलं थंड फडकं, आणि काच बुचासकट सरळ तुटते. हा प्रकार पाहण्यासाठी लोक मुद्दाम जुनी बाटली मागवतात, आणि त्यांना नावं ठेवावीत असं मला वाटत नाही.

इंग्लंडमधल्या खानदानी घरांत मूल जन्मलं की त्या सालाची पोर्ट त्याच्या नावाने विकत घेऊन तळघरात टाकायची पद्धत होती. मूल एकविसाचं झालं की वाइनही पिण्यायोग्य. यात वाट पाहण्याचा खर्च कोणी उचलला? बापाने. घराण्याने नाही. म्हणून नवी व्हिंटेज पोर्ट दर्जाच्या मानाने स्वस्त मिळते. फ्रान्समधल्या बोर्दोच्या पहिल्या फळीतल्या लाल वाइनच्या नव्या बाटलीला तिच्या कित्येक पट पैसे मोजावे लागतात.

पिंपात मुरलेली: घराण्याने वाट पाहायची

दुसरी वाट टॉनी पोर्टची. ही बाटलीत नव्हे, लाकडी पिंपात मुरते. लाकडातून हवा थोडीथोडी आत जाते, लाल रंग उतरून तांबूस-सोनेरी होतो, अक्रोड, सुकी संत्रासाल, जळलेली साखर असा वास येतो. 10, 20, 30, 40 वर्षं असे आकडे बाटलीवर असतात. ते त्या वयाच्या चवीचे मिश्रण दाखवतात, अमुक एका सालाचे नव्हेत. एकाच सालाची पिंपात मुरलेली पोर्ट हवी असेल तर तिला 'कुल्येइता' म्हणतात. या वाइन गाळ बसवून, पिण्यायोग्य करूनच घराणं विकतं. म्हणजे इथे वाट घराण्याने पाहिली.

ती किती महाग पडते याचा एक हिशेब मांडून पाहू. तो माझा आहे आणि सोपा करून घेतलेला आहे. समजा 1000 लिटर वाइन पिंपात घातली आणि तिचा खर्च लिटरला 10 युरो, म्हणजे बाटलीला साडेसात. लाकडातून दर वर्षी 2 टक्के वाइन उडून जाते असं धरू. अडकलेल्या पैशावर 5 टक्के व्याज धरू. वीस वर्षांनी 667 लिटर उरतील आणि खर्च व्याजासकट साडेसव्वीस हजार युरो होईल, म्हणजे बाटली सुमारे 30 युरोंना पडेल. चाळीस वर्षांनी 446 लिटर उरतील, व्याजासकट खर्च 70 हजारांवर जाईल आणि बाटली 118 युरोंना पडेल. बाटलीची काच, पगार, नफा, कर यातलं काहीच अजून धरलेलं नाही. वाइन तीच होती. साडेसातचे एकशे अठरा झाले ते केवळ बसून राहिल्याने.

आता हाच हिशेब शंभर वर्षांपर्यंत ताणा. पिंपात 133 लिटर उरतात आणि बाटलीची किंमत 7 हजार युरोंच्या वर जाते. पण शंभर वर्षांची पिंपात मुरलेली वाइन प्रत्यक्षात यापेक्षा कितीतरी कमी पैशांत, काही वेळा हजार युरोंच्या आगेमागे मिळते. म्हणजे कोणीतरी व्याज सोडून दिलं आहे. कोणी, ते समजायला अटलांटिकमधल्या एका बेटावर जावं लागेल.

मदेइरा: बिघडवूनच टिकवलेली

मदेइरा हे पोर्तुगालचं ज्वालामुखीतून उठलेलं डोंगराळ बेट, आफ्रिकेच्या किनाऱ्यासमोर. पूर्वेकडे आणि अमेरिकेकडे जाणारी जहाजं इथे फुंशालच्या बंदरात पाणी, भाजीपाला आणि वाइन भरून घेत. ती वाइन टिकावी म्हणून तीत स्पिरिट घालत. मग लक्षात आलं की विषुववृत्त ओलांडून, जहाजाच्या तळाशी महिनोन् महिने तापून, हिंदकळून आलेली वाइन घरी राहिलेल्या वाइनपेक्षा सरस लागते. जी वाइन फेरी मारून परत येई तिला 'व्हिन्यू दा रोदा' म्हणत आणि तिला जास्त भाव मिळे.

या फेऱ्यांतली मोठी फेरी आपल्याकडची होती. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं मदेइराची पिंपं घेऊन मुंबई, मद्रास आणि कलकत्त्याला येत. काही पिंपं इथेच उघडली जात, इथल्या इंग्रजांच्या जेवणाच्या टेबलावर अठराव्या शतकात मदेइरा ही नेहमीची वाइन होती. काही तशीच परत लंडनला जात आणि 'हिंदुस्थान पाहून आलेली' म्हणून चढ्या दराने विकली जात. आजही स्पेनमध्ये एक गोड शेरी 'ईस्ट इंडिया' या नावाने विकतात, तिच्यामागे हाच इतिहास आहे. मुंबईच्या उन्हाळ्यात बोर्दो बिघडे, पण जी आधीच उन्हाने शिजून आली तिचं ऊन आणखी काय बिघडवणार!

पुढे जहाजाची उठाठेव बंद झाली आणि तीच उष्णता बेटावर निर्माण करण्यात आली. स्वस्त मदेइरा टाकीत 45 ते 50 अंशांवर निदान तीन महिने तापवतात. चांगली मदेइरा कौलाखालच्या तापलेल्या माळ्यावर पिंपात ठेवतात आणि विसरून जातात. सालाचा शिक्का असलेल्या उत्तम मदेइराला 'फ्रास्केइरा' म्हणतात. तिला पिंपात किमान 20 वर्षं काढावी लागतात. प्रत्यक्षात कित्येक पिंपं पन्नास-साठ वर्षं तशीच असतात. मदेइराचे प्रकार असे: सेर्सियाल ही सर्वांत कोरडी, मग व्हेर्देल्यू, मग बुआल आणि शेवटी माल्व्हाझिया सर्वांत गोड. पण गोड मदेइरासुद्धा चिकट वाटत नाही, कारण या बेटाच्या वाइनमध्ये आंबटपणा जबरदस्त असतो. दातांना झिणझिण्या येतील असा. तोच तिला शतकभर उभं ठेवतो.

एवढं सहन केलेल्या वाइनचं पुढे काही वाकडं होत नाही. न्यू जर्सीतल्या लिबर्टी हॉल या जुन्या वाड्याच्या दुरुस्तीत एका भिंतीआड 1796 च्या सुमाराची मदेइरा सापडली आणि 2018 साली न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीज या लिलावसंस्थेने ती विकली. 1792 च्या मदेइराची गोष्ट तर नाट्यमय आहे. सेंट हेलेनाला निघालेल्या नेपोलियनला 1815 साली फुंशालमध्ये तिचं एक पिंप मिळालं. पोटाच्या दुखण्यामुळे त्याने ते उघडलंच नाही, पिंप बेटावर परत आलं आणि 1840 साली बाटल्यांत भरलं. त्यातली एक 1950 साली चर्चिल बेटावर मुक्कामाला असताना त्याच्या टेबलावर आली, असं सांगितलं जातं. गोष्टीला मीठमसाला लागला असेल, पण वाइन दीडशे वर्षांनी पिण्यायोग्य होती यात आश्चर्य काही नाही.

आता व्याज कोणी सोडलं, ते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मदेइरावर आधी भुरीचा रोग आला, मग फिलॉक्झेरा. मळे उजाड झाले. विसाव्या शतकात रशियात क्रांती झाली, अमेरिकेत दारूबंदी आली आणि मदेइराची दोन मोठी गिऱ्हाइकं एका झटक्यात गेली. माल विकला गेला नाही, म्हणून माळ्यावर पडून राहिला. पेरेइरा द ओलिव्हेइरासारख्या घराण्यांकडे आज जे शतकापूर्वीचे साठे आहेत, ते कोणी गुंतवणूक म्हणून ठेवलेले नाहीत. ते न खपलेल्या मालाचे, आजोबा-पणजोबांच्या मंदीचे साठे आहेत. नातवंडं ते विकतात तेव्हा शंभर वर्षांचं चक्रवाढ व्याज लावत बसत नाहीत, आणि लावलं तर घेणारा कोणी मिळणार नाही. दोरूतही असंच घडतं. टेलरने 2010 साली 'सायन' नावाने फिलॉक्झेरापूर्वीची, 1855 सालची पोर्ट बाजारात आणली. ती एका खेड्यातल्या कुटुंबाच्या पिंपांत दीडशे वर्षं तशीच होती. बाटली अडीच हजार पौंडांना गेली. महाग? वर मांडलेल्या हिशेबाने पाहिलं तर कवडीमोल.

चव नेमकी कशी, आणि मेथीचं काय काम

जुन्या मदेइराचा घोट घेतल्यावर आपल्या माणसाला काहीतरी ओळखीचं वाटतं आणि ते काय हे चटकन सांगता येत नाही. उत्तर रसायनशास्त्रात आहे. पिंपात हवा लागून मुरलेल्या वाइनमध्ये 'सोटोलॉन' नावाचं द्रव्य वर्षानुवर्षं वाढत जातं. जुनी टॉनी पोर्ट, जुनी मदेइरा, जुनी शेरी या सगळ्यांत ते असतं. मेथीदाण्याचा जो खास वास, तोही याच द्रव्याचा. अगदी थोडं असेल तर ते जळलेल्या साखरेसारखं, काकवीसारखं वास देतं, जास्त झालं की सरळ मेथी. युरोपी समीक्षक याला करीचा वास म्हणतात, कारण त्यांच्या मसाल्याच्या डबीत मेथी घातलेली असते. मेथीच्या लाडवावर वाढलेल्या माणसाला जुनी मदेइरा कळायला त्यांच्यापेक्षा कमी वेळ लागावा.

बाकी मोहिनीचं कारण म्हणजे या वाइनची लांबी. घोट गिळल्यावर चव जिभेवर मिनिटभर फिरत राहते. साखर, आंबटपणा, अल्कोहोल आणि तुरटपणा हे चार गडी एकमेकांना धरून असतात, एकही सुटला तर बाटली नुसती गोड किंवा नुसती जळजळीत लागते. 60-70 मिलिलिटरचा छोटा पेला पुरतो. 20 टक्के अल्कोहोल आहे हे गोडव्यामुळे कळत नाही, आणि तिथेच लोक फसतात.

शेरीबद्दल थोडक्यात: तिथे मुळात साल बघायचं नसतं. स्पेनच्या हेरेथमध्ये पिंपांच्या रांगा लावून जुन्यात नवी घालत जातात, त्यामुळे बाटलीत अनेक पिढ्या एकत्र असतात. सालाची शेरी हा अपवाद आहे आणि अपवादाच्या किमती लहरीवर चालतात.

मग घ्यायची कुठली?

एक विचित्र गोष्ट अशी की वाट पाहणाऱ्याला बाजार मजुरी देत नाही. 1977 ची नामांकित घराण्याची व्हिंटेज पोर्ट लंडनच्या लिलावात पुष्कळदा आजच्या नव्या व्हिंटेजच्या दुपटीलाही जात नाही. गोड, कडक वाइन पिणारी पिढी सरली, आणि जेवणानंतर पोर्टची सुरई डावीकडे सरकवण्याचा इंग्रजी रिवाजही विरळ झाला. म्हणून गुंतवणूक म्हणून व्हिंटेज पोर्ट घेऊ नये, असं मी स्पष्ट म्हणेन. प्यायला घ्यायची तर मुरलेलीच घ्यावी. ज्याने चाळीस वर्षं तळघराचं भाडं भरलं त्याचं नुकसान तुमचा फायदा. फक्त बाटलीतली पातळी मानेपर्यंत आहे ना, बुचाजवळ गळल्याच्या खुणा नाहीत ना, आणि ती आजवर कुठे होती, हे विचारून घ्यायचं.

मुंबई-पुण्यात राहणाऱ्याचं गणित वेगळं. व्हिंटेज पोर्टला वर्षभर 12 ते 14 अंश लागतात. आपल्या कपाटात मे महिन्यात ती तापून जाते आणि बूच फुगतं, गळतं. वर आयात वाइनवर वर्षानुवर्षं 150 टक्के सीमाशुल्क, मग राज्याचा कर, आणि दुकानात जुन्या बाटल्या जवळजवळ नाहीतच. परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काविना आणता येतं, म्हणजे लिस्बनहून येणाऱ्या भाच्याकडून दोन बाटल्या. त्या कुठल्या सांगायच्या?

माझं उत्तर: एक 20 वर्षांची टॉनी आणि एक मदेइरा, शक्यतो दहा-पंधरा वर्षांची बुआल किंवा व्हेर्देल्यू. हिशेब पुन्हा तोच. व्हिंटेज पोर्ट उघडली की दोन-तीन दिवसांत संपवावी लागते, म्हणजे सहा-आठ माणसं जमवा. टॉनी फ्रिजमध्ये काही आठवडे तग धरते. मदेइरा उघडी बाटली महिनोन् महिने टिकते, कारण हवा आणि उष्णता तिने आधीच पचवलेली असते. 80 युरोंची बाटली रविवारी रात्री एकेक छोटा पेला करत पाव वर्ष पुरवली तर ती चांगल्या व्हिस्कीपेक्षा महाग पडत नाही. ज्यांना सालाची हौस आहे आणि खिसा लहान आहे त्यांनी दक्षिण फ्रान्समधल्या रिव्हसाल्तच्या गोड वाइन पाहाव्यात. तिथे तीस-चाळीस वर्षांपूर्वीचं साल अजून माणसांना परवडेल अशा किमतीत मिळतं, कारण तिथलीही गिऱ्हाइकं गेली आणि माल राहिला.

आणि मदेइराची बाटली कपाटात ठेवताना उभी ठेवा. बाकी वाइनसारखी आडवी नको. तिचा आंबटपणा बूच खाऊन टाकतो.